जर्मनीत एकटीनं एफएसजे: पाचपैकी साडेतीन, आणि दीड स्टार कुठे गेला ते

आधी रेटिंग सांगून टाकते, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. जर्मनीतलं एफएसजे म्हणजे वर्षभराची स्वयंसेवा, पाचपैकी साडेतीन स्टार. त्यासाठी आपल्याकडचा एजंट, शून्य. स्टेशनावरची बानहोफ्समिस्योन नावाची मंडळी, पूर्ण पाच, सहावा देता आला असता तर तोही दिला असता. आता सविस्तर, आणि लांबणार आहे, कारण मी जाण्याआधी मराठीत यातलं काहीच धड सापडत नव्हतं, जे होतं ते सगळं "जर्मनीला फुकट जा" टाइपचे रील्स.

तर फुकट वगैरे काही नाहीये. हे फुल टाइम काम आहे, आठवड्याला साधारण ३८ ते ४० तास, आणि पगार मिळत नाही, हातखर्च मिळतो. स्कीम तशी जुनी आहे. १९५४ मध्ये बव्हेरियातल्या नॉयएनडेटेल्साऊ गावच्या चर्चच्या सेवासंस्थेनं तरुण मुलींना आवाहन केलं की आयुष्यातलं एक वर्ष आजारी, म्हाताऱ्या माणसांसाठी द्या, तिथून हे सुरू झालं, मग १९६४ ला कायदा झाला. एफएसजेसाठी वय २७ च्या आत लागतं. त्यापुढच्यांना बीएफडी आहे, म्हणजे तशीच सरकारी स्वयंसेवा, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. हे बीएफडी १ जुलै २०११ ला आलं, कारण त्याच दिवशी तिकडची सक्तीची लष्करभरती थांबली आणि लष्कराऐवजी वृद्धाश्रमात, हॉस्पिटलात कामाला येणारी सगळी पोरं एकदम बंद झाली. हे सगळं इतिहास म्हणून नाही सांगत, तिकडे अशा ठिकाणी हात कमी पडतायत हे डोक्यात असू दे म्हणून सांगतेय. इंटरव्ह्यूला बसताना उपकार मागायला आल्यासारखं बसायची गरज नसते.

आणि म्हणूनच एजंट कशाला पाहिजे हा प्रश्न. मी सांगलीची, बी.ए. झाल्यावर पुण्यात जर्मन शिकत होते, क्लासच्या बाहेरच एकानं पत्रक दिलेलं, एफएसजे पॅकेज, रक्कम ऐकून बाबा म्हणाले एवढ्यात तर मामाच्या पोराचं लग्न झालं. पॅकेजमध्ये काय तर सीव्ही करून देणार, अर्ज पाठवणार, व्हिसाची तयारी. पण अर्ज करायचा असतो तो तिकडच्या ट्रेगरकडे, म्हणजे स्वयंसेवकांना कामाच्या जागांशी जोडून देणाऱ्या संस्थेकडे, डियाकोनी, कारितास, जर्मन रेडक्रॉस असे मोठे आहेत आणि छोटेही खूप आहेत, आणि मी जेवढ्यांना मेल केले त्यातल्या एकानंही माझ्याकडून एक पैसा मागितला नाही. सगळे फॉर्म ऑनलाइन, एक पानाचा सीव्ही आणि मला हे का करायचंय याचं पत्र. ते पत्र एजंटनं लिहिलं तर इंटरव्ह्यूला पाच मिनिटांत कळतं त्यांना, कारण तुमच्या पत्रात असलेला शब्द तुम्हाला बोलता येत नसतो. आमच्या बॅचमधल्या एका मुलीनं असे पैसे भरले होते, तिला जागा मिळाली पण खोली कुठाय, कोण घ्यायला येणार, काहीच माहीत नव्हतं, एजंटचा फोन तोवर बंद.

भाषेचं सांगायचं तर कागदावर कुठे कुठे जर्मनची ए-टू पातळी चालेल असं लिहिलेलं असतं, पण बहुतेक ठिकाणी तिच्या वरची बी-वन मागतात आणि मागतात ते बरोबरच आहे. बी-वनची परीक्षा चार भागांत असते, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात ६० टक्के पाहिजेत. मी पुण्यातच मॅक्स म्युलर भवनला दिली, जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था आहे ती. बोलण्याचा भाग सगळ्यात जास्त घोटून करा, बाकीचं तिकडे गेल्यावर कोण विचारत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तुमचा, ट्रेगरचा आणि कामाच्या ठिकाणाचा तिघांच्या सह्यांचा करार. त्यात हातखर्च किती, खोली आहे का, जेवण आहे का, सुट्ट्या किती, सगळं लिहिलेलं असतं आणि व्हिसावाल्यांना त्यातूनच दिसलं पाहिजे की तुमचं पोट कसं भरणार. शिकायला जाणाऱ्यांना तो ब्लॉक्ड अकाउंट भरावा लागतो ना, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून ठेवायचे, ११,९०४ युरो, इथे खोली-जेवणाचा करार धड असेल तर तेवढी रक्कम उभी करायची वेळ येत नाही, आमच्यासारख्या घरांना हा एवढा एक मुद्दा पुरेसा आहे. म्हणून खोली देणारी जागाच निवडा. खोली न देणाऱ्या जागेचा हातखर्च शंभर-दीडशे युरोनं जास्त दिसतो आणि मोठं शहर म्हणून मोह होतो, पण त्या शहरात तेवढ्यात खाट पण मिळत नाही.

लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. लहान मुलांसोबत किंवा हॉस्पिटलात काम असेल तर गोवर झालाय किंवा लस घेतलीय याचा पुरावा लागतो, मार्च २०२० पासूनचा कायदा आहे, १९७० नंतर जन्मलेल्या सगळ्यांना. मी एका बालवाडीलाही अर्ज केला होता तेव्हा मागितलेला. माझं लहानपणीचं कार्ड आईनं साडीच्या कपाटातनं काढलं, त्यावर शाई एवढी उडालेली की डॉक्टरांनी सरळ परत डोस दिले आणि नवीन सर्टिफिकेट दिलं, इंग्रजीत. ते चाललं.

आता बॅग. इथे घरातल्या बायकांशी भांडण ठरलेलं आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप गेलं, पेढे गेले, खव्याचं काहीही गेलं. ताज्या फळांत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच पाच कागदाशिवाय चालतात, आंबा नाही. ताजा कढीपत्ता पण नाही, मी चटणीत घालून नेला. आज्जीला हे पटेना, ती म्हणाली तूप काय बाँब आहे का. शेवटी मेतकूट, गोडा मसाला, पोहे, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि छोटा कुकर एवढ्यावर तह झाला. कुकर न्याच, तिकडे मिळतो पण किंमत बघून ठेवून देतो आपण. थंडीचे जाड कपडे मात्र इकडून घेऊन जाऊ नका, एकतर ते तिकडच्या थंडीला पुरत नाहीत आणि बॅगेतली अर्धी जागा खातात. तिकडे स्वयंसेवक दरवर्षी बदलतात, जाणारी पोरं जॅकेट-बूट मागे ठेवून जातात, माझं जॅकेट कोलंबियाच्या एका मुलीचं होतं, तिच्या आधी कुणाचं होतं देव जाणे.

दोन बॅगांपेक्षा एक मोठी बॅग आणि एक पाठीवरची असा हिशोब ठेवा. एकट्यानं प्रवास करताना खरा प्रॉब्लेम वजन नसतो, टॉयलेटला जायचं असतं तेव्हा बॅग कुणाकडे देणार हा असतो. घरच्यांसोबत जाताना हे लक्षातच येत नाही कधी.

प्रवासाला मी सप्टेंबरच्या बॅचसाठी ऑगस्टच्या शेवटी निघाले, घरी गणपती होते, गौरी यायच्या होत्या आणि मी मुंबई एअरपोर्टच्या टी-टूला लायनीत. एअरलाइनबद्दल विशेष काही नाही, जेवण बेताचं, सीट अरुंद, दोन स्टार. फ्रँकफर्टला पासपोर्टच्या काउंटरवर त्यानं विचारलं कशाला आलात, मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, त्यानं कराराचा कागद मागितला, बघितला, शिक्का. तो कागद चेक-इन बॅगेत टाकलेले लोक मी स्वतः बघितलेत तिथे घाम पुसताना, तेव्हा करार, विम्याचा कागद, व्हिसाचे कागद आणि घ्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर हातातल्या पिशवीत, आणि नंबर कागदावर पेननं लिहिलेला, मोबाइल बंद पडतो.

खरी परीक्षा विमानाच्या पुढे सुरू होते. मला जायचं होतं बोडेनझे नावाच्या मोठ्या तळ्याच्या बाजूला, एकदम दक्षिणेला, पलीकडच्या काठाला स्वित्झर्लंड. फ्रँकफर्ट एअरपोर्टच्या टर्मिनल १ ला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं स्टेशन आहे, फेर्नबानहोफ, पूल ओलांडून चालत जायचं. दुसरंही एक स्टेशन आहे खाली, तिथून लोकल जातात, दोन्हींत गोंधळू नका. तिथून स्टुटगार्ट आणि स्टुटगार्टहून दुसऱ्या गाडीनं फ्रीड्रिक्सहाफेन. आता आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टी एका दमात सांगते. तिकीट म्हणजे सीट नाही, सीटचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन करायचं, पहिल्या प्रवासाला बॅग घेऊन उभं राहायचं नसेल तर कराच. स्टेशनात शिरताना कुणी तिकीट बघत नाही, गाडीत बघतात. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात, तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते बोर्डावर दिसतं, पण ऐन वेळी अनाउन्समेंट होते की आज डबे उलट्या क्रमानं आहेत आणि अख्खा प्लॅटफॉर्म इकडून तिकडे पळायला लागतो, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, पण शेवटच्या स्टेशनावर २० मिनिटांच्या वर उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. तासाभराच्या उशिराला तिकिटाचे २५ टक्के परत, दोन तासांच्या वर ५०. हे पैसे मागावे लागतात, आपणहून येत नाहीत.

आणि उशीर होतोच. जर्मन म्हणजे घड्याळ हे आपण जे ऐकून असतो ना ते रेल्वेबद्दल विसरा, २०२४ मध्ये तिकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून. त्यामुळे मधल्या स्टेशनावर गाडी बदलायला ॲप आठ मिनिटं दाखवत असेल तर ते तिकीट घेऊच नका, सरळ पुढची गाडी धरा. तासभर मोकळा ठेवा. मी तासभर ठेवला होता तरी माझी पुढची गाडी गेली.

स्टुटगार्ट स्टेशनबद्दल एक चांगली गोष्ट म्हणजे मी गेले तेव्हा ते आपल्या सीएसएमटीसारखं होतं, गाड्या येऊन टोकाला थांबतात आणि सगळे प्लॅटफॉर्म टोकाला एकमेकांना जोडलेले, म्हणजे बॅग घेऊन जिने चढायचे नाहीत. बाजूला जमिनीखालच्या नव्या स्टेशनाचं काम २०१० पासून चाललंय, त्यामुळे शहराच्या बाजूला जायचं तर पत्र्यांच्या बोळातून लांब वळसा, पण नुसती गाडी बदलायची तर त्रास नाही.

तर गाडी गेलेली, घ्यायला येणाऱ्या बाईंना फोन लागेना कारण माझं ई-सिम चालू झालं नव्हतं, स्टेशनचं वायफाय कनेक्ट होऊन परत तुटत होतं, रडू येईल असं वाटत होतं आणि आलंच. तेवढ्यात निळं जॅकेट घातलेली एक आज्जी समोर, सत्तरीच्या असतील, त्यांनी काही न विचारता बॅगेचं हँडल धरलं. मला आधी वाटलं हमाल. तेच ते बानहोफ्समिस्योनवाले. मोठ्या स्टेशनांवर यांची एक खोली असते, आत चहा, खुर्च्या, मोबाइल चार्ज करायला जागा, टॉयलेट, सगळं फुकट आणि तुमचा धर्म, पासपोर्ट, तिकीट काहीही न विचारता. त्यांनी त्यांच्या फोनवरून माझ्या त्या बाईंना फोन लावला, मला चहा दिला, काळा, साखर बाजूला, आणि पुढच्या गाडीला डब्यापर्यंत सोडायला आल्या. चालताना मला हळू, तुकडे पाडल्यासारखं जर्मन बोलून दाखवत होत्या म्हणजे मला कळेल, आणि कळत होतं, पहिल्यांदाच.

नंतर मी याबद्दल वाचलं तर ही संस्था १८९४ मध्ये बर्लिनला सुरू झाली ती एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींसाठीच. त्या काळी खेड्यांतून शहरात कारखान्यात नाहीतर घरकामाला मुली यायच्या आणि स्टेशनावरच त्यांना नोकरी देतो, खोली देतो म्हणून फसवणारे टपलेले असायचे, त्यांच्या आधी आपण गाठायचं म्हणून चर्चच्या बायका प्लॅटफॉर्मवर उभ्या राहायला लागल्या. वाचताना मला क्लासबाहेरचा तो पत्रकवाला आठवला. आज जर्मनीत शंभराच्या आसपास स्टेशनांवर या खोल्या आहेत, बेघर माणसं, म्हातारे, व्हीलचेअरवाले, पोरं घेऊन निघालेल्या बाया सगळे येतात, आणि काम करणारे बरेचसे स्वतःच स्वयंसेवक, एफएसजेवाले पण असतात त्यांच्यात. गाडी बदलताना मदत हवी असेल तर आधी फोन करून सांगून ठेवता येतं. दिवसरात्र सगळीकडे उघडं नसतं, तेव्हा आपल्या बदलायच्या स्टेशनाची वेळ बघून ठेवा. याची माहिती मला कुठल्याही व्हिसा गाइडमध्ये दिसली नाही, बँक अकाउंट कुठलं उघडायचं यावर मात्र पन्नास व्हिडिओ.

पोचायचा दिवस मंगळवार-बुधवार असा काहीतरी ठेवा. रविवारी सगळी दुकानं बंद, सगळी म्हणजे सगळी, मोठ्या स्टेशनावरची एखादी सोडून, आणि गावाकडच्या बसेस रविवारी दिवसाला दोन-चार. शनिवारी रात्री पोचलात तर सोमवारपर्यंत पोह्यांवर. शिवाय सरकारी ऑफिसं आठवड्यातनं मोजके तास उघडी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या ऑफिसात नाव नोंदवायचं असतं, आनमेल्डुंग, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि त्या नोंदीवर बाकी सगळं अडलेलं असतं, टॅक्स नंबर, बँक, पुढे परदेशी लोकांच्या ऑफिसातून राहण्याचं कार्ड. पण त्याच्याही आधी, पहिल्या दिवशी, बॅग उघडायच्याही आधी, खालच्या पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा. तिकडे सगळं पोस्टानं येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्या, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत पाठवून देतो. आमच्या बॅचमध्ये एकाचं कार्ड असं दोनदा परत गेलं.

काम. माझी जागा म्हणजे एक वसाहत, जिथे बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं आणि सोबत राहणारे कर्मचारी, स्वयंसेवक एकाच घरात राहतात, एकत्र जेवतात, दिवसा शेतात, बेकरीत, विणकामात काम करतात. या पद्धतीतलं कॅम्पहिल हे नाव जगभर माहीत आहे, नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेल्या कार्ल क्योनिग या डॉक्टरांनी १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ ते सुरू केलं, आमची वसाहत त्याच धर्तीची पण वेगळी. सकाळी उठवणं, आंघोळ, दाढी, कपडे, औषधाच्या वेळी हजर राहणं, नाश्ता, मग कामाच्या ठिकाणी सोडणं. मोठ्या माणसाची आंघोळ घालायची हे ऐकून घरी सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती आणि मी खोटं कशाला बोलू, मलाही पहिले काही दिवस जड गेलं. कुणीतरी शिकवतं, एकटीला सोडत नाहीत, आणि बाई असाल तर फक्त बायकांनाच आंघोळ घालायचं काम दिलं जाईल का हे आधी विचारता येतं, मी विचारलं होतं, त्यांनी सरळ हो म्हटलं. पण नंतर असं होतं की त्यात लाजण्यासारखं काही उरत नाही, पाणी फार गरम नको, टॉवेल हीटरवर ठेवलेला पाहिजे, आधी डावा मोजा मग उजवा, नाहीतर ती बाई दिवसभर बोलणार नाही, एवढंच डोक्यात राहतं.

या माणसांनी माझं जर्मन सुधारलं, क्लासनं नाही. आमच्या घरातले एक काका (मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचे) प्रत्येक चुकीच्या आर्टिकलला मला थांबवायचे, वाक्य परत म्हणायला लावायचे आणि बरोबर आलं की मान हलवून पावावर लोणी लावायला घ्यायचे. कर्मचारी मंडळी सभ्यपणामुळे चुका सोडून देतात. पण ऐकण्याचं मात्र अवघड आहे, दक्षिणेतली बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा एवढी वेगळी की पहिल्या मीटिंगला मला वाटलं मी चुकीच्या देशात आले. पुण्यात शिकलेल्या मराठीवर थेट मालवणात उतरावं तसं समजा. दोन-तीन महिन्यांत कान बसतो.

जेवणाचं रेटिंग तीन. दुपारी गरम जेवण, चीज घातलेले श्पेट्सले, म्हणजे तिकडच्या जाडसर शेवया, मस्त असतात, शाकाहारी असाल तर अडचण नाही. रात्री मात्र थंड जेवण, पाव, चीज, काकडी, संपलं. थंडीत साडेचार-पाचला अंधार पडतो आणि समोर थंड काकडी, तेव्हा सांगलीची पोरगी काय करेल, रूमवर येऊन मेतकूट-भात. तूप नाही पण लोणी मिळतं आणि ते कढवता येतं, आज्जीला हे फोनवर सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. एकदा घरातल्या सगळ्यांसाठी पोहे केले, मिरची न घालता, तरी दोघांनी पाणी मागितलं आणि काकांनी तीनदा घेतले.

पैशाचं स्पष्ट सांगते कारण यावरच दीडमधला एक स्टार गेलाय. कायद्यानं हातखर्चाची वरची मर्यादा ठरलेली आहे, पेन्शन विम्यासाठी जी पगाराची कमाल मर्यादा धरतात तिच्या ८ टक्के, २०२५ साली ते ६४४ युरो होत होते. पण ही वरची मर्यादा आहे, खालची कुठेच लिहिलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जागेप्रमाणे पुष्कळ कमी मिळतं, मला चारशेच्या आसपास मिळायचे, खोली-जेवण त्यांचं. सरकारी आरोग्य विमा, पेन्शन, अपघात विमा सगळं कामाचं ठिकाण भरतं, तुमच्या हातखर्चातून काही कापत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या चारशेतून मोबाइल, प्रवास, बूट आणि घरी पाठवायचं स्वप्न असेल तर ते सोडा. जर्मनीभर लोकल, ट्राम, बसला चालणारं महिन्याचं तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय, फास्ट गाड्यांना चालत नाही. काही राज्यांत स्वयंसेवकांना स्वस्तात देतात, काही कामाची ठिकाणं स्वतः भरतात, विचारा. घरोघरी टीव्ही-रेडिओच्या नावानं महिन्याला १८.३६ युरो मागणारं पत्र येतं, टीव्ही नसला तरी, ते घराला एकच असतं तेव्हा आधी घरात कुणी भरतंय का बघा, घाबरून लगेच भरू नका.

उरलेला अर्धा स्टार एकटेपणाचा, आणि त्यात तिकडच्या लोकांचा दोष नाही. गाव छान, तळं छान, आकाश उघडं असलं की पलीकडे आल्प्स दिसतात, पण संध्याकाळी शेवटची बस गेली की गेली. भारताशी साडेतीन तासांचा फरक, घड्याळ बदललं की साडेचार, म्हणजे मी शिफ्ट संपवून खोलीवर येईपर्यंत घरी सगळे झोपलेले. दिवाळीला ड्यूटी होती, सुट्टी आधी मागितली असती तर दिलीही असती त्यांनी, वर्षाला निदान वीस दिवस सुट्टी मिळतेच. मराठी मंडळं मोठ्या शहरांत आहेत, गणपती, दिवाळी जोरात करतात, पण माझ्या गावापासून जाऊन-येऊन दिवस जायचा. सावरलं ते सेमिनारनी. वर्षभरात २५ दिवस सेमिनार सक्तीचे असतात, चार-पाच वेळा आठवडाभर, सगळ्या ठिकाणचे स्वयंसेवक एकत्र कुठल्यातरी हॉस्टेलवर, त्यात जर्मन पोरं असतात बारावी करून आलेली अठरा वर्षांची आणि बाहेरची आपल्यासारखी. पहिल्या दिवशी बॉल फेकून नावं सांगायचे खेळ बघून मी म्हटलं हे काय बालवाडीत आणलंय. पण रात्री किचनमध्ये बसून कुणाचा पेशंट वारला, कुणाची बॉस ओरडते, कुणाला घरी परत जायचंय हे जे निघतं ते दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. कामाच्या ठिकाणी खरंच जमत नसेल तर ट्रेगरकडून जागा बदलून मिळू शकते, आमच्यातल्या एकीनं बदलली, हे सेमिनारलाच कळलं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, यानंतर तिकडेच राहता येतं का. बरेच जण पुढे नर्सिंगचं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचं प्रशिक्षण, करतात, त्यात स्टायपेंड चांगला आणि वर्षभरात तुमची भाषा आणि काम दोन्ही त्यांनी बघितलेलं असतं, त्यामुळे जागा मिळायला सोपं जातं. पण त्यासाठी नवीन करार, नवीन परवाना, परत तेच ऑफिस. एफएसजेनं नोकरी पक्की असं कुणी सांगत असेल तर तो पत्रकवाला आहे. आणि नुसतं तेवढ्यासाठी जात असाल तर सकाळी सहाला कुणाचं तरी डायपर बदलताना तुमच्या तोंडावर ते दिसेल, त्या माणसांना सगळ्यात आधी दिसतं.

जायचंच असेल तर सप्टेंबरच्या बॅचसाठी जानेवारी-फेब्रुवारीपासून अर्ज टाकायला लागा, व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होतो, शेवटी ते विचारतातच तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा गप्प बसू नका. माझ्या आधी इथे परदेशी स्वयंसेवक होता का आणि त्याच्याशी बोलता येईल का. नाइट ड्यूटी असते का, असली तर एकटीला का. आजारी पडले तर मला कोण बघणार. रविवारी बस किती वाजता. खोली माझी एकटीची की दोघींत. आणि खोलीचे फोटो मागा, संडास-बाथरूमसकट, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.